‘पाप लागलं का?’ याचं उत्तर देऊ नका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न बहुतेक आईवडिलांचाच असतो: ‘मुलगी अकरावीत आहे. अथर्वशीर्ष म्हणताना मनात घाणेरडे शब्द येतात म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. देवापुढून उठतच नाही. ही भक्ती की आजार?’

देव आहे का, पाळीत देवघरात का जायचं नाही, असं मूल विचारत असेल तर खुशाल वाद घालू द्या. १८६७ साली याच मुंबईत धर्मसुधारणेसाठी प्रार्थना समाज निघाला तो असल्याच प्रश्नांतून. आता गिरगावात पुष्कळांना ते नुसतं चौकाचं नाव वाटतं. असल्या प्रश्नांत डॉक्टरचं काम नाही.

मुलीचं प्रकरण वेगळं आहे. सदसद्विवेकाची टोचणी केलेल्या गोष्टीबद्दल असते. खोटं बोललो, पैसे उचलले. कबूल केलं, भरपाई केली की ती निवते. इथे तिने केलेलं काहीच नाही, नुसतं मनात आलंय, आणि माफी मागितली की अजून एकदा मागावीशी वाटते. हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार येत राहणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं या आजाराचा, धार्मिक अवतार. रोज तासाहून जास्त वेळ यात जात असेल किंवा कॉलेज बुडत असेल तर तपासणी करूनच घ्या.

चक्र असं फिरतं. नको तो विचार येतो, छातीत धडधडतं, स्तोत्र पुन्हा म्हटलं की दहा मिनिटं बरं वाटतं. मेंदू शिकतो की पुन्हा म्हटलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. बसमधून सिद्धिविनायकाला नमस्कार नीट झाला नाही म्हणून पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत जाणं, हे त्याच चक्रातलं. विचार दाबायला सांगू नका, दाबलेला विचार दुप्पट जोराने येतो.

त्यावरचा उपाय म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि ठरलेली कृती करायची नाही. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी ही पद्धत मांडली. समुपदेशक मुलीबरोबर पायऱ्या लावतो, सोपी आधी. अथर्वशीर्ष एकदाच, ठरलेल्या वेळी. मध्ये घाणेरडा शब्द आला तर त्याच्यासकट पुढची ओळ. संपलं की उठायचं आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. नंतरच्या पायरीवर मुद्दाम एखादा उच्चार चुकवायचा. इथे घरचे दचकतात, पण पूजेच्या शेवटी ‘यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं तु यद्भवेत्’ म्हणून चुकलेल्या अक्षरांची क्षमा आपण मागतोच की. शास्त्राने चूक धरूनच ठेवली आहे. मुसलमानांतही वुजूमध्ये, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, अवयव तीनदाच धुवायची मर्यादा आहे. कॅथलिकांत सतत पापाची शंका येणाऱ्याला एकाच फादरकडे पापनिवेदन करायला सांगतात. गुरुजींनाही एकदाच विचारा, उत्तर लिहून घ्या, पुन्हा फोन नको.

बिघडतं ते बहुतेक घरच्यांच्या मायेने. ‘आई, पाप लागलं का?’ आणि आई म्हणते, ‘नाही गं राणी.’ हे ‘नाही’सुद्धा स्तोत्र पुन्हा म्हणण्यासारखंच आहे, अर्ध्या तासात ती परत येते. आधी दोघींनी मिळून ठरवा, मग एवढंच म्हणा: ‘हा तुझा आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही.’ पहिले काही दिवस रडारड वाढेल, तेव्हा आजीनेही मध्ये पडायचं नाही. दुसरा घोळ म्हणजे मोठ्याने म्हणणं थांबतं, पण मनातल्या मनात ‘माफ कर देवा’ चालू राहतं किंवा हात हळूच कानाला जातो. तेही थांबवायचं. पूजाच बंद करून टाकणं मात्र चूक. टाळल्यानेही भीती पोसते. बाधा म्हणून उतारे करत बसलात तर वर्ष फुकट जातं.

त्रास जास्त असेल तर गोळ्याही लागतात. नैराश्यात देतात त्याच, पण बऱ्याचदा डोस जास्त असतो आणि पुरता गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. बारावीच्या परीक्षेचा हिशेब धरून आत्ताच सुरुवात करा. परळच्या केईएम, मुंबई सेंट्रलच्या नायर आणि सायन रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि ती कोणती कृती किती वेळा, किती मिनिटं करते त्याची आठवड्याची नोंद बरोबर न्या. तोवर बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, रात्रीही लागतो.