कटाचा डबा

मंगळवार, रात्र

आज सकाळी हॉटेलात बसून मिसळ खाल्ली. एकटीनं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत जन्मले, याच गावात नोकरी केली, पोरं वाढवली, वय ५४ झालं. आणि मिसळीच्या टेबलाला एकटी आज पहिल्यांदा बसले.

पाण्याची मोटर आठवडाभर आवाज करत होती म्हणून रिक्षात टाकून शिवाजी उद्यमनगरात नेली. "बेअरिंग गेलंय ताई, तासभर लागंल," मिस्त्री म्हणाला. लेथच्या खडखडाटात तासभर उभं तरी कुठं राहायचं? गल्लीच्या तोंडाला कटाचा वास सुटला होता. साडेनऊ वाजलेले, आणि मी नुसत्या चहावर घरातून निघालेली.

दारात गर्दी होती. आपल्याकडं गर्दीच्या वेळी जो खातोय त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभं राहायचं, तो उठला की बसायचं. ते मला जमेना, म्हणून उंबऱ्याशीच थांबले. पोरानं मला बघितलं आणि विचारलं, "पार्सल किती, ताई?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या वयाची बाई सकाळी एकटी दारात आली म्हणजे पार्सल, हे त्याला रोजच्या धंद्यानं पाठ झालेलं. माझ्या तोंडून "दोन" निघणारच होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "पार्सल नको. बसणार आहे."

"बसा की मग. ए, सरक रं जरा तिकडं."

बाकावर कारखान्यातली दोन पोरं होती, बाह्यांना ग्रीस लागलेलं. दोघांनी आपापल्या प्लेटी ओढून घेतल्या आणि एकानं पाण्याचा जग माझ्याकडं सरकवला. परत खाली मान घालून खायला लागली. कोणी वळून बघितलं नाही.

बसल्या जागेवरून शेगडी दिसत होती. मोठ्या पातेल्यात कट मंद आचेवर रटरटत होता. वर लाल तेलाचा थर. खालून बुडबुडा आला की थर फुटायचा, आतला तपकिरी रस्सा क्षणभर दिसायचा, की परत थर मिटायचा. प्लेटीत आधी मटकी, तिच्यावर बटाट्याची भाजी, मग फरसाण, शेव, कांदा, कोथिंबीर. एवढं सगळं कोरडं मांडून ठेवलेलं. गिऱ्हाईक बसलं की मगच डाव पातेल्यात जातो. आणि तो वरच्यावर फिरवायचा नाही, तळाला टेकवून सरळ वर आणायचा, म्हणजे रस्सा आणि तेल दोन्ही हवं तेवढं येतं. प्लेट माझ्यापुढं आली तेव्हा कट अजून शेवेत मुरायचा होता. पहिला घास दाताखाली कुरकुरला.

तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मिसळ मी लहानपणापासून खातेय, पण ती डब्यातली.

रविवारी सकाळी आण्णा, माझे वडील, कडीचा पितळी डबा घेऊन बाहेर पडायचे. तालमीतल्या मित्रांबरोबर हॉटेलात बसून स्वतः खायचे आणि येताना घरच्यांसाठी कट डब्यात, मटकी वेगळ्या भांड्यात, फरसाण कागदाच्या पुड्यात. घरी येईपर्यंत कट कोमट झालेला. आई तो परत तापवायची. मग आधी आजोबा, काका, भाऊ. मग आम्ही मुली. आणि सगळ्यांचं झाल्यावर आई आणि काकू. तोवर पुड्यातलं फरसाण संपलेलं असायचं किंवा सादळलेलं. आईच्या ताटलीत मटकीचे चार दाणे, तळाचा कट आणि ब्रेडच्या कडा. ती मन लावून खायची. कधी तक्रार केल्याचं आठवत नाही.

आणि या कटाचा जीव कशात आहे? कांदा-लसणाच्या चटणीत. ती कोण करतं? एप्रिल-मे लागला की आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका मिरच्या निवडायला बसायच्या. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. देठं खुडून खुडून बोटांची आग व्हायची, रात्री पोराला जवळ घ्यायची चोरी. खोबरं, तीळ, धणे भाजायचे, डंकावर कुटून आणायचं, कांदा-लसूण मिसळायचा, बरण्या भरायच्या. वर्षाची चटणी. ज्या बायकांचा हात या चवीत एवढा बुडालेला, त्यांनी ती चव गरम असताना, बसून, कोणी वाढतंय अशी कधी खाल्लीच नाही. आज प्लेट पुढं आल्यावर हे डोक्यात आलं आणि घास थोडा अडकला.

तिखट चांगलंच होतं. मी जग उचलला तसा शेजारचा पोरगा म्हणाला, "पाणी नका पिऊ मावशी, आणि पेटतंय. ब्रेड खावा, न्हायतर दही मागवा." बरोबर होतं त्याचं. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो, म्हणून दह्या-दुधानं उतार पडतो. दही मागवलं. कटही दुसऱ्यांदा मागून घेतला.

मोटर घेऊन घरी आले. आता आवाज करत नाही.

बुधवार

काल लिहायचं राहिलं ते.

एकटी नव्हे, पण बायकाबायका मिळून हॉटेलात जायचा बेत मी एकदा केला होता. १९९३ साल. नोकरीला नवी लागले होते, पहिला पगार झाला होता. आम्ही ऑफिसातल्या तिघी मटण खायला एका खानावळीत गेलो. नाव लिहीत नाही. दारातच मालकांनी आत बोट दाखवलं, "फॅमिली रूम तिकडं." प्लायवूडची खोली, मळका पडदा, पलीकडं भांडी घासायची मोरी. बाहेर टेबलं रिकामी होती. आम्ही म्हटलं, बाहेरच बसतो. "बाहेर जेन्ट्स आहेत," म्हणाले.

कोल्हापुरी मटणाच्या ताटात मटणाला मान आहेच, पण खरं सुख रस्सा वाढणाऱ्या पोरात असतं. दोन भांडी घेऊन तो पंगतीतून फिरत असतो. तांबडा? पांढरा? वाटी रिकामी दिसली की भरणार, तुम्ही नको म्हणेपर्यंत भरणार. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस घातलेला तो पांढरा रस्सा आधी वाटीनं प्यायचा, मग तांबड्यात भाकरी कुस्करायची, मग पुन्हा पांढरा. आमच्या पडद्याआड तो पोरगा एकदाच आला. त्यानंतर आम्हाला बाहेरचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला, "तांबडा… पांढरा…", आणि आमच्या वाट्या कोरड्या. हाक मारायचं धाडस तिघींपैकी एकीलाही झालं नाही. ताटाचे पैसे पूर्ण दिले आणि बाहेर पडलो.

त्यानंतर मी पार्सलवरच राहिले.

आज भाऊसिंगजी रोडनं येताना गंगाराम कांबळेंची आठवण झाली. आण्णा सांगायचे ती गोष्ट. शाहू महाराजांच्या पागेत कामाला असलेल्या गंगारामांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांना कळल्यावर त्यांनी स्वतःचा धंदा कर म्हणून गंगारामांना मदत केली. त्यांनी याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. गावातलं कोणी फिरकेना. मग महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायला लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायला लागले. महाराज १९२२ साली गेले, म्हणजे या गोष्टीला शंभराच्या वर वर्षं झाली. गंगारामांनी जे सोसलं त्याच्या शेजारी माझा पडदा ठेवायची माझी हिंमत नाही. पण माणसानं कुठं बसावं, कोणाच्या हातचं खावं, यावर या गावात राजानं कपबशी हातात घेऊन उत्तर दिलंय. ते उत्तर आमच्या घरापर्यंत अर्धंच पोचलं, असं वाटत राहिलं.

गुरुवार

संध्याकाळी खासबागेत भेळ. चुरमुरे, चिंचेचं पाणी, वरून कैरी. इथं यायला मला कधीच संकोच वाटला नाही. रंकाळ्यावरचं कणीस, कॉकटेल आईस्क्रीम, भेळ, हे सगळं आम्ही मैत्रिणी कॉलेजपासून खात आलोय. विचार केला तर लक्षात येतं, गाडीपाशी उभ्यानं खायला बाईला कोणी अडवत नव्हतं. अडचण टेबलाची होती. निवांत बसायची.

समोर केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर उभे राहून धुराकडं बघत होतो. आईला मी त्याच नाट्यगृहात नाटकाला आणायचे, आणि सुटल्यावर भेळ. तीसुद्धा तिला घरी नेऊनच खायची असायची.

रविवार

आईला मंगळवारचं सगळं सांगितलं होतं. तिनं दोनच प्रश्न विचारले. तिखट किती होता? आणि मला कधी नेतीस?

आई ७८ वर्षांची. गुडघे गेलेत. भावाचं म्हणणं, एवढ्या गर्दीत तिला कशाला न्यायचं, मी पार्सल आणतो. आई काही बोलली नाही, उठून लुगडं बदलायला गेली.

कुठं जायचं यावर घरात अर्धा तास वाद. कोल्हापुरात प्रत्येकाचा पक्ष ठरलेला असतो. एक फडतरेचा, एक बावड्याचा, एक चोरगेचा, आणि एकानं दुसऱ्याची मिसळ खाऊन चांगली म्हटलं तर तो दिवसभर खोटं पडल्यासारखा फिरतो. मी घराजवळचं छोटं हॉटेल निवडलं, कारण तिथं एकच पायरी आहे.

साडेसातला पोचलो. आतल्या पोरानं आजीला हात धरून पायरी चढवली, भिंतीकडेची खुर्ची दिली. आई पदर सावरून बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. टेबलं, माणसं, भिंतीवरचे पैलवानांचे फोटो. तिच्या अंगावर लग्नाला गेल्यासारखं अवघडलेपण होतं.

पोराला तिची काळजी वाटली असावी. म्हणाला, "आजी, पार्सल करून देऊ का? घरात निवांत खाशीला."

"नगं बाळा," आई म्हणाली, "हितंच खातो की."

प्लेट आली. आईनं आधी बोटानं शेव उचलून खाल्ली. मग चमच्यानं कट घेतला, जिभेवर घोळवला, डोळे मिटले. मी विचारलं, दही सांगू का? तिनं मान हलवली. "चटणी जुनी हाय ह्याची. गेल्या सालची. पण लसूण बरोबर पडलाय." शेजारच्या टेबलावरचे काका हे ऐकून हसले आणि म्हणाले, "मालकाला सांगा वहिनी." तिनं खरंच सांगितलं. मालक गल्ल्यावरून उठून आले, कमरेत वाकून ऐकून घेतलं, आणि नवी चटणी पुढच्या आठवड्यात कुटून येणार असल्याचं कबूल केलं. आईनं दीड ब्रेड खाल्ला. कट दोनदा मागितला, दोन्ही वेळा स्वतः हाक मारून.

निघताना ती दाराकडं न जाता शेगडीकडं वळली. मालक म्हणाले, या की आजी, बघा. पातेल्याच्या वाफेत ती बराच वेळ उभी राहिली. थर फुटत होता, मिटत होता.

"डब्यात काळपट दिसायचा," ती म्हणाली. "एवढा लाल असतोय, हे ह्यांनी कधी सांगितलंच न्हाय."