टनामागे काही ग्रॅम: आमची वाटचाल

कोंबड्यांच्या खाद्यासाठी सूक्ष्म खनिजांचे मिश्रण तयार करणारा आमचा कारखाना धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९८ साली सुरू झाला. एक रिबन ब्लेंडर (भुकट्या एकजीव करणारे यंत्र), पल्व्हरायझर (दळायचे यंत्र), चाळणी, पोती शिवायचे यंत्र आणि रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे भागीदार, ज्यांना सगळा बाजार ‘सर’ म्हणे, एवढेच आमचे भांडवल होते. ब्लेंडर आजही तोच आहे. त्याच्या पात्याची आणि तळाची फट वाढली की कोपऱ्यात माल न फिरता पडून राहतो, म्हणून ती फट मी आजही स्वतः तपासतो.

हा धंदा ग्रॅमचा आहे. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या, खाद्यात किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम सेलेनियम लागते, म्हणजे एक टन खाद्याला सोडियम सेलेनाइट जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. ते आणि ई जीवनसत्त्व कमी पडले की छातीच्या कातडीखाली हिरवट पाणी साठते; सेलेनियम प्रमाणाबाहेर गेले तर ते विषच. त्यामुळे सर ते थेट ब्लेंडरमध्ये कधीच पडू देत नसत. आधी मूठभर चुनखडीच्या भुकटीत खलायचे, मग कितीतरी पट भुकटीत फिरवायचे आणि त्यानंतरच ते मोठ्या घाण्यात घालायचे, हा क्रम त्यांनी घालून दिला. कामगार कंटाळत, सर कंटाळत नसत.

पहिली काही वर्षे बरी गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिलाच उद्रेक होता आणि आमची बरीचशी उधारी त्याच तालुक्यातल्या लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) फार्मांवर होती. पक्षी मारून पुरले गेले, खाद्य आणि अंडी नष्ट झाली. सरकारने पक्ष्यांची भरपाई दिली, पण त्या पक्ष्यांनी खाल्लेल्या मिनरलची बाकी कोणाच्याच हिशेबात बसली नाही. जिथे रोग पोहोचला नव्हता तिथेही अंड्याचे आणि कोंबडीचे भाव कोसळले. भाव कोसळले की पोल्ट्रीवाला मका आणि सोया डीओसीला (तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीला) हात लावत नाही, आधी मिनरल छाटतो, कारण त्याचा फटका दुसऱ्या दिवशी दिसत नाही. बँकेचे हप्ते थकले आणि ब्लेंडर विकायला गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवले होते.

त्यातून सावरत असतानाच बाजारात एक प्रतिस्पर्धी उतरला. नाव घेत नाही. खानदेशातल्या जुन्या पोल्ट्रीवाल्यांना ते ठाऊक आहे. त्याचा ‘चिलेटेड झिंक’ (सेंद्रिय रेणूशी बांधलेले झिंक) नावाचा माल ज्या भावात मिळे, त्या भावात आम्हाला साधे झिंक सल्फेटही पडत नव्हते. मका-सोयातले फायटिक आम्ल झिंकला पकडून ठेवते आणि ग्लायसीन या अमिनो आम्लाशी बांधलेले झिंक त्या पकडीतून बरेचसे सुटते, हे खरेच आहे. ब्रीडरला (पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबडीला) आणि उतार वयाच्या लेअरला आम्हीही ते सुचवतो. पण त्या भावात ते तयार होऊच शकत नाही. शिवाय ‘सल्फेटने जीवनसत्त्वे मरतात’ असे सांगत तो आमच्याविरुद्ध फिरला. अर्धसत्यासारखे चालणारे नाणे नाही: सल्फेट आणि जीवनसत्त्वे महिनोन्महिने एका पोत्यात ठेवली तर नुकसान होते, आणि म्हणूनच आम्ही ती पहिल्यापासून वेगळी देत आलो होतो.

त्याच्याकडे प्रयोगशाळेचा दाखलाही होता आणि त्यात झिंक भरपूर दिसत होते. सरांनी तो एकदा वाचला आणि विचारले, “हे टायट्रेशन किती पीएचला केले आहे?” टायट्रेशन म्हणजे मापाने द्रावण घालत धातू मोजणे आणि पीएच म्हणजे द्रावणाच्या आम्लतेचे माप; ते दहाला केले होते. दहा पीएचला ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन मॅग्नेशियमही मोजते, त्यामुळे स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट मिसळले तरी ते झिंक म्हणून खपून जाते. साडेपाच पीएचला झायलिनॉल ऑरेंज हा रंगदर्शक घालून मोजले की मॅग्नेशियम बाजूला राहते. पण गिऱ्हाइकाला टायट्रेशन कसे दाखवणार? सरांनी काचेच्या ग्लासात तो माल विरघळवला, गाळला आणि त्यात कॉस्टिक सोडा घातला. पांढरा साका आला. झिंकचा साका जास्त कॉस्टिकमध्ये विरघळून जातो. हा मात्र तसाच राहिला.

तो ग्लास प्रथम पाहिला नवापूरच्या आप्पांनी. त्यांच्या शेडमध्ये अंड्यांची कवचे पातळ येत होती आणि तो प्रतिस्पर्धी व्यापारी उन्हाळ्याला दोष देत होता. कवच घडवणाऱ्या एन्झाइमला झिंक लागते आणि कवचाखालच्या जाळीला मँगनीज, हे सरांनी त्यांना अहिराणीत समजावले. आप्पांनी आमची २००६ ची बाकी, कोणी न मागता, दोन दिवाळ्यांत फेडली आणि आजूबाजूच्या फार्मवाल्यांना स्वतः गाडीत घालून आमच्याकडे आणले. त्या व्यापाऱ्याने पुढे नाव बदलले, धंदा मात्र बदलला नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कवच सुधारायला डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि शिंपल्याचा चुरा वाढवत नेऊ नका. कॅल्शियम-फॉस्फरस फाजील झाले की मँगनीज शोषले जात नाही, आणि ब्रॉयलरच्या पिल्लाचा घोट्याचा स्नायूबंध सरकून पाय वाकडा झाला की तो परत सरळ होत नाही. कोलीन क्लोराइड ओल धरते, ते जीवनसत्त्वांच्या पोत्यात मिसळू नका. आणि पोत्यावर नुसते ‘झिंक’ लिहिले असेल तर ते सल्फेट, ऑक्साइड की ग्लायसिनेट, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सर आता नाहीत. आप्पांचा फार्म त्यांचा मुलगा पाहतो. मध्यंतरी त्याने आमचे एक पोते आम्हाला न सांगता बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि मँगनीज पोत्यावरच्या आकड्याला जुळल्यावरच फोन केला. मला ते थोडे लागले; पण पीएच किती धरला होता, हे त्याने मी विचारण्याआधीच सांगितले.