इंदूरहून नाशिकला, व्हाइट वाईनच्या बागेत

नाशिकची वाईनची बाग बघायची तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. तोडणी तेव्हा जोरात चालते. एप्रिलमध्ये गेलात तर खरड छाटणी (वेल जवळजवळ मुळापर्यंत नव्हे, पण जुन्या काड्या खरडून काढणारी छाटणी) होऊन बाग बोडकी दिसेल, आणि पावसाळ्यात हिरवळ भरपूर असली तरी घड एकही दिसणार नाही.

इंदूरहून रस्ता सरळ आहे. आग्रा-मुंबई रोडने खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव करत गेलं की अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास पडतं. वाटेत चांदवडला होळकरांचा रंगमहाल लागतो. इंदूरकराने तिथे न थांबता पुढे जाऊ नये.

आम्ही गेलो ते गंगापूर धरणाजवळच्या, सुला या वाईन कंपनीच्या बागेत. सुलाचे संस्थापक राजीव सामंत कॅलिफोर्नियातली ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून इथल्या घरच्या जमिनीवर आले. आधी आंबा आणि खाण्याची द्राक्षं करून पाहिली. मग कॅलिफोर्नियाचे वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना जोडीला घेऊन १९९७च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही व्हाइट वाईनची द्राक्षं लावली. पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्याने वाईन उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं आणि आसपास वायनरी, म्हणजे वाईनचे कारखाने, वाढत गेले. त्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावला शाम चौगुलेंच्या इंडाज कंपनीने फसफसणारी वाईन काढली होती, पण नाशिकच्या व्हाइट वाईनला खरं वळण मिळालं ते इथल्या मातीत.

मला मात्र सगळ्यात जास्त भावली ती छाटणी. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि फळ उन्हाळा संपताना तोडतात. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेलाला छाटूनच वळण लावावं लागतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्या तयार होतात आणि पाऊस ओसरल्यावरच्या गोडी छाटणीनंतर घड धरतो. फळ हिवाळ्यात पिकतं. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की आंबटपणा टिकतो, आणि व्हाइट वाईनचा जीव त्या आंबटपणातच असतो. नाशिकचा शेतकरी खाण्याच्या द्राक्षांसाठी ही दुहेरी छाटणी आधीपासूनच करत होता. परदेशी वाण इथे रुजले, त्यात या कसबाचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

बागेत परवानगी घेऊन सोव्हिन्योंचा एक मणी तोंडात टाकला. मणी बारीक, आत बिया, आधी गोड आणि मागून चरचरीत आंबट. बोटं लगेच चिकट झाली. सकाळच्या गारव्यात हातानेच तोडणी होते. रस थंड करून स्टीलच्या टाक्यांत कमी तापमानाला आंबवतात, म्हणून वास उडून जात नाही.

टेस्टिंगला आधी सोव्हिन्यों घ्या आणि नंतर शेनिन. इथली शेनिन गोडसर असते. आपली तिखट लवंगी शेव तिच्यासोबत फार छान लागते, घरी नक्की करून बघा.

शनिवार-रविवारी गर्दी उसळते, तेव्हा मधल्या वारी जा आणि टूर आधीच बुक करा. वयाचा पुरावा जवळ ठेवा आणि ड्राय डे बघून निघा. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. सगळ्यांनाच चव घ्यायची असेल तर मुक्काम करा. बाटल्या मध्य प्रदेशात आणायच्या असतील तर अबकारी विभागाचे नियम निघण्याआधीच विचारून घ्या. आणलेली सोव्हिन्यों वर्ष-दीड वर्षात संपवा, ती ताजीच चांगली. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटली ठेवू नका.