धडाधड वाचतंय, पण कळतंय का काही?

घरात कोणीच इंग्लिश बोलत नाही अशा मुलांना मी इंग्लिश शिकवते, आणि पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, वाचायला कधी लागेल? माझं मत उलटं आहे. आधी कानावर पडू दे, तोंडात रुळू दे, मग वाचन.

वाचनाचं तंत्र तसं जमतं हो. आपल्याकडे 'क'चं नावही क आणि आवाजही क, त्यामुळे एबीसीडी पाठ झाली की वाचता येणार असं सगळ्यांना वाटतं, पण सी, ए, टी कितीही भरभर म्हणा, त्यातून कॅट निघत नाही. अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, घोळ तिथेच आहे. म्हणून फोनिक्समध्ये, म्हणजे आवाज जुळवून वाचायच्या पद्धतीत, अक्षरांच्या नावांऐवजी आवाज शिकवतात आणि बरेचदा सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन अशी करतात, कारण एवढ्यावरच सॅट, पिन, टॅप, नॅप असे ढीगभर शब्द लगेच जुळतात. आपल्या मुलांचं एक वेगळंच असतं, मराठी व्यंजनात अ मुरलेला, त्यामुळे टी दिसला की ट आणि पी दिसला की प, आणि मग ट-ॲ-प, ट-ॲ-प करत बसतात, टॅप काही बाहेर पडत नाही. पाय मोडून ट्, प् म्हणायला लावायचं. त्यापेक्षा सुरुवातीला स्स्स, म्म्म असे ताणता येणारे आवाज घ्या, त्यावरून पुढच्या आवाजावर घसरत जाता येतं.

पण खरी गोम पुढे आहे. ज्याच्या घरात इंग्लिशच बोलतात ते मूल क्-ॲ-ट् जुळवतं आणि त्याला एकदम लागतं, अरेच्चा, कॅट! कारण शब्द आधीच ओळखीचा असतो. आपलं मूल तेच जुळवतं, बरोबर म्हणतं, आणि आपल्या तोंडाकडे बघतं. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची फोनिक्सची एक चाचणी होते, त्यात 40 शब्द असतात आणि त्यातले 20 मुद्दाम खोटे, काहीच अर्थ नसलेले, शेजारी एखाद्या विचित्र प्राण्याचं चित्र, म्हणजे मूल पाठांतरावर वाचतंय की खरंच आवाज जुळवतंय ते कळावं. नव्याने इंग्लिश शिकणाऱ्या मुलाला तर चाळीसच्या चाळीस शब्द खोटेच की! तरी ते सगळे वाचून दाखवेल आणि आपण खूश. त्यामुळे माझा नियम साधा, जो शब्द मुलाने ऐकलेला नाही, वापरलेला नाही, तो वाचायला द्यायचा नाही.

आता बोलणं. सुरुवातीला काही मुलं बरेच आठवडे, कधी काही महिने तोंडच उघडत नाहीत, घाबरू नका, आत भरणं चालू असतं. तेवढ्या काळात टच युवर नोज, ओपन द डोअर असल्या सूचना द्या, कृती करतंय म्हणजे कळतंय. आणि ते 'व्हॉट इज धिस, धिस इज अ पेन' प्लीज बंद करा, पेन दोघांनाही दिसतंय, विचारताय कशाला? तेच पेन पिशवीत लपवा आणि ओळखायला सांगा, मग बघा 'इज इट लाँग? इज इट हार्ड?' असं कसं आपोआप सुटतं तोंडातून.

चुकलं की लगेच थांबवू नका. 'आय गोएड टू पार्क' म्हणालं तर 'ओ, यू वेंट टू द पार्क! हू वेंट विथ यू?' एवढंच, पुढे चला. ग्रामरचं लेक्चर दिलंत तर पोरगं पुढच्या वेळी पार्कला गेलेलंच सांगणार नाही.

बाकी सेड, वॉज, वन असले आडमुठे शब्द नियमात बसत नाहीत, ते थोडे थोडे करून डोळ्यांनी ओळखायला लावायचे, फार डोकं लावू नये. आणि रोज एक चित्रांचं पुस्तक तुम्ही वाचून दाखवा, तुमचे उच्चार साहेबी नसले तरी चालतील. तेच पुस्तक परत परत मागतील, कंटाळा फक्त तुम्हाला येईल.