फोन भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून तर बघा

आमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला आणि पावसाळा लागला की टेबलावरच्या फोनांची कटकट सुरू, एकाला खरखर, एकाचा ५ लागतच नाही, एकाचा रिसिव्हर ठेवला तरी एंगेज. ॲडमिनचं उत्तर ठरलेलं, भंगारात द्या नि नवा मागवा. अहो पण बऱ्याचदा बिघाड असा काही नसतोच, नुसता मळ असतो!

खरखर असेल तर पहिला संशय रिसिव्हरच्या स्प्रिंगवाल्या वायरवर घ्यायचा. शेजारच्या टेबलाची लावून बघा, आवाज क्लिअर आला तर विषयच संपला, वायर बदला, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते.

नाहीतर उघडायचा, पण आधी भिंतीतली लाइन काढा हां. एरवी लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो पण नेमकी रिंग आली तर ७५-९० व्होल्ट एसी येतो, चांगला झटका बसतो. स्क्रू दिसले नाहीत तर खालचे रबरी पाय उचकटून बघा.

बटणांखाली एक रबराची शीट असते, तिच्या मागे काळे ठिपके, ते खालच्या सर्किटला टेकले की नंबर लागतो. आता त्यात वर्षानुवर्षांचा चहा, हाताचं तेल आणि फरसाणाचा चुरा (हिशेबवाल्या टेबलाचा फोन लगेच ओळखू येतो). शीट साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, ठिपके घासू नका, कार्बन निघतो. सर्किटवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेला इअरबड फिरवा, पॉलिश पेपर अजिबात नको.

एंगेजवाल्याचा हुक स्विच बघायचा, म्हणजे रिसिव्हर ठेवला की दाबला जातो तो. धातूच्या उघड्या पट्ट्यांचा असेल तर कोऱ्या कागदाची पट्टी आयपीएत भिजवून त्यांच्या मधून ओढा, कागदावर काळी रेघ उमटते, रेघ यायची थांबेपर्यंत कागदाची नवीन पट्टी घेत राहा.

आणि कोणाकडे जुना आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज कंपनीचा) डायलवाला असेल तर तो देऊच नका कोणाला. त्याच्या माइकमधे कार्बनचे दाणे असतात, दमट हवेत ते चिकटून बसतात मग तुमचा आवाज पलीकडे बारीक जातो. माइकची डबी काढून तळहातावर दोनचार वेळा आपटा, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं, पण जुलैत ठाण्यात ऊन कुठून आणायचं?