स्मरणशक्ती तपासण्याआधी कान तपासा

“आईला आठवत नाही, विचारलं एक की सांगते भलतंच,” असं म्हणत मुलगा सत्तरी ओलांडलेल्या आजींना आमच्या श्रवण विभागात घेऊन आला. स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांना बरेच कमी गुण पडले होते.

उजव्या कानात मळाचा घट्ट बोळा होता. तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घेतला, मगच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी केली. मळ असताना काढलेला आलेख फसवतो. दोन्ही कानांत खालच्या पट्टीतला आवाज (५०० हर्ट्झ) ३० डेसिबलला ऐकू आला, वरच्या पट्टीतल्या आवाजाला (४००० हर्ट्झ) मात्र ७० डेसिबल लागले. वयोमानाच्या बहिरेपणात दिसणारा हा नेहमीचा उतार. यात स्वर ऐकू येतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं की आजींना ऐकू येतंय. पण स, श, थ अशी व्यंजनं निसटतात. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरून मी “साठ” म्हटलं. आजी म्हणाल्या, “आठ.”

त्या चाचणीत शब्द ऐकवून थोड्या वेळाने विचारतात. शब्द कानात धड शिरलाच नसेल, तर न आठवल्याचा दोष स्मृतीला देता येत नाही. म्हणून हेडफोनवाला ध्वनिवर्धक लावून, शांत खोलीत, समोरासमोर बसून चाचणी पुन्हा करून घेतली. शब्द मुद्दाम वेगळे घेतले, नाहीतर सरावानेच गुण वाढतात. सूचना पाळणं, वजाबाकी यांतले गुण सुधारले. शब्द आठवण्याचे मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे श्रवणयंत्रासोबत मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यासाठी चिठ्ठीही दिली.

यंत्राने विस्मरण थांबेल, असं वचन मी कुणालाच देत नाही. श्रवणयंत्राने बुद्धीची घसरण मंदावते का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले: ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांत, तीन वर्षांनी, सरसकट फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळातच घसरणीचा धोका जास्त होता, त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. आजींसारख्यांसाठी हे मला मोलाचं वाटतं.

यंत्रं दोन्ही कानांना दिली. झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवायची, रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, आवाज बारीक झाला तर आधी यंत्रातली मळ अडवणारी जाळी बदलायची, हे सुनेकडून करवून घेतलं.

फेरतपासणीत यंत्रातली नोंद पाहिली, तर वापर दिवसाला जेमतेम तासभर. भांड्यांचा आवाज टोचतो, म्हणून आजी ती काढून ठेवत. मोठ्या आवाजांची कमाल पातळी उतरवून दिली आणि सकाळी शांत घरात दोन तासांपासून वापर वाढवत न्यायला सांगितलं.