जुन्या सीडीतलं हेक्सन, नव्या लॅपटॉपवर

दुरुस्तीच्या टेबलावर विंडोज ११ चा नवाकोरा लॅपटॉप आणि बाजूला हेक्सन या जुन्या गेमची ओरखडे पडलेली सीडी. गिऱ्हाईक पन्नाशीचे. म्हणाले, "दादा, इन्स्टॉलरवर क्लिक केलं की विंडोज म्हणतं, हे इथे चालणार नाही. सीडी गेली का?"

सीडी शाबूत होती. हेक्सन १९९५ चं, रेव्हन सॉफ्टवेअरने डूम या गेमच्या इंजिनवर बांधलेलं आणि डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेलं. डॉसचे प्रोग्राम चालवणारा भाग ६४ बिटच्या विंडोजमध्ये मुळातच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये कितीही खुणा केल्या तरी उपयोग शून्य.

आधी यूएसबीचा सीडी ड्राइव्ह लावून सीडीची इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातली नक्कल, काढली. इथे बरेच जण घाईत आयएसओ प्रकारची इमेज काढतात आणि मग संगीत वाजत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. या सीडीवर डेटासोबत ऑडिओ ट्रॅकही आहेत आणि ते आयएसओत येत नाहीत. बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडीच काढायची, डॉसबॉक्समध्ये (नव्या विंडोजवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) इमेजमाउंट कमांडने क्यू फाइल जोडायची आणि तिथूनच गेम इन्स्टॉल करायचा. सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर, पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्सच्या मूळ सेटिंग्ज याच असतात, त्यामुळे आवाज पहिल्या झटक्यात येतो. चित्र बसकं दिसत असेल तर डॉसबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅस्पेक्ट ट्रू करा. ३२० × २०० चं चित्र ४:३ च्या मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं, राक्षसांची चित्रं त्याच हिशोबाने काढलेली आहेत.

डॉसबॉक्सवर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण यांना मोठा स्क्रीन भरून, माउसने मोकळेपणी वरखाली बघत खेळायचं होतं. त्यासाठी जीझेडडूम, डूमच्या इंजिनवरचे गेम आजच्या विंडोजवर थेट चालवणारा प्रोग्राम. त्याला गेमच्या हेक्सन.वॅड या एकाच फाइलची गरज असते. ती जीझेडडूमच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं.

टाकण्याआधी फाइलचा आकार मात्र बघायचाच. २,०१,२८,३९२ बाइट असेल तर ती १.० आवृत्ती, २,००,८३,६७२ असेल तर १.१. सीडीवर १.० निघाली. डेथकिंग्ज हा १९९६ चा जोडभाग १.१ वरच चालतो आणि यांना तोही खेळायचा होता, म्हणून १.१ चा पॅच डॉसबॉक्समध्येच चालवला, आकार पुन्हा जुळवला आणि मगच फाइल हलवली.

गेम सुरू झाला तेव्हा चित्रं साबण लावल्यासारखी गुळगुळीत दिसत होती. टेक्स्चर फिल्टर बंद केला, ठोकळे परत आले. अंधारही पुरेसा वाटत नव्हता. लाइट मोड सॉफ्टवेअरवर नेला. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेमरेटला मर्यादा घालणं बरं, नाहीतर तीस वर्षांपूर्वीच्या गेमसाठी पंखा उगाच घोंघावत बसतो. गेमचा आतला हिशोब सेकंदाला ३५ वेळाच होतो, मधल्या फ्रेम जीझेडडूम भरून काढतं.

लॅपटॉप घरी गेला आणि फोन आला: "सेव्हन पोर्टल्समध्ये अडकलोय. सगळी बटणं दाबली, काहीच उघडत नाही. तुमच्या पॅचमुळेच बिघडलं असणार."

पॅचचा काही दोष नव्हता. हेक्सनचे नकाशे, म्हणजे खेळाचे टप्पे, एका मधल्या नकाशाभोवती गुंफलेले असतात; इथे तो मधला नकाशा सेव्हन पोर्टल्स. कळ दाबायची आइस, फायर किंवा स्टीलच्या नकाशात, आणि पायऱ्या वर येतात सेव्हन पोर्टल्समध्ये. त्याची खबर देणारी एक ओळ पडद्यावर मधोमध क्षणभर झळकते आणि जाते. यांनी एचयूडी (पडद्यावरची खेळाडूची माहिती) छोटं दिसावं म्हणून स्केलिंग १ वर आणलं होतं. ४के पडद्यावर त्या मापात ती ओळ मुंगीएवढी होते, तलवारीच्या धुमश्चक्रीत दिसणार कशी?

टॅबच्या वरची कळ दाबून कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला सांगितलं. गेलेल्या ओळी तिथे साठलेल्या असतात. वर सरकवल्यावर पायऱ्या वर आल्याचा संदेश सापडला, कुठे जायचं तेही कळलं. मग स्केलिंग पुन्हा ऑटोवर आणलं, आणि कन्सोलमध्ये कॉन अंडरस्कोर मिडटाइम, पुढे जागा सोडून १० असं टाइप करून घेतलं. म्हणजे ती ओळ १० सेकंद टिकते; मूळचे ३ सेकंद या गेमला अपुरेच पडतात. माझ्या मते हेक्सनवरच्या निम्म्या तक्रारी अशा हुकलेल्या ओळीच्या असतात. कोडी अवघड आहेतच, पण सांगून सवरून अवघड आहेत.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "जीझेडडूमची नवी आवृत्ती आलीय, टाकू का?" खेळ अर्ध्यावर असताना अजिबात नाही. जुने सेव्ह नव्या आवृत्तीत उघडतीलच असं नाही. नवी हवीच असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि चालू खेळ जुन्यावरच संपवायचा.